लिनक्सवरचं वायफाय आणि कमानी हौदाजवळचे काका: पाचपैकी साडेचार

साडेचार स्टार देतोय, अर्धा का कापला ते खाली येईलच. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानाचं नाव लिहीत नाही कारण काकांनीच सांगितलंय, "सर नेटवर काय लिहायचं ते लिवा पण नाव टाकू नका, आहे तीच गर्दी आवरत नाही." खोटं वाटेल पण खरंच म्हणाले. पत्ता अंदाजाने सांगतो, साताऱ्यात पोवई नाक्याकडनं राजपथाने राजवाड्याकडं निघालात की कमानी हौदाच्या अलीकडं एक बोळ आहे, त्यात शिरलं की मोबाईल रिचार्जचं पिवळं पडलेलं स्टिकर असलेलं शटर, आत दोन माणसं उभी राहिली की तिसरा बाहेर पायरीवर. गाडी बोळात घेऊन जाऊ नका, वळवायला जागा नाही, मी एकदा नेली आणि रिव्हर्स घेताना अख्ख्या बोळाने मला सूचना दिल्या.

आता मुद्द्याचं. माझा लॅपटॉप २०१७ चा, सातव्या जनरेशनचा आय थ्री. त्याला विंडोज ११ चालत नाही, आठव्या जनरेशनच्या खालच्या प्रोसेसरला कंपनी नाहीच म्हणते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन तर ठणठणीत आहे, ते भंगारात कशाला द्यायचं? दिवाळीत भाऊबीजेला ताई आली, बरोबर भाचा, पुण्यात असतो, कॉम्प्युटरमधलाच आहे. त्याने दुपारी जेवण झाल्यावर पेनड्राइव्ह लावला आणि चहा होईपर्यंत विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टीम टाकून मोकळा. "मामा, आता दहा वर्षं बघायला नको." लॅपटॉप खरंच पळायला लागला, सुरू व्हायला आधी दोन मिनिटं लागायची ती वीस सेकंदांवर आली. भाचा पुण्याला गेला आणि चार दिवसांत वायफायने दात दाखवले.

मी दहावीचं गणित शिकवतो, सकाळची बॅच घरी आणि संध्याकाळी सात ते साडेआठ ऑनलाइन, कोरेगाव, मेढा, पाटण असल्या गावांतली पोरं असतात, एसटीने रोज येणं परवडत नाही त्यांना. तर पायथागोरस सुरू आहे, कर्णाचा वर्ग बरोबर म्हणून मी हात वर केलेला, आणि तिकडून मेढ्याची पोरगी म्हणते, "सर, अडकलात." वायफायचं चिन्ह मात्र पूर्ण, कनेक्टेड दाखवतंय, फक्त नेट नाही. बंद करून चालू केलं की पाच-दहा मिनिटं बरं, परत तेच. लॅपटॉपचं झाकण लावून जेवायला गेलो आणि परत येऊन उघडला तर कधी कधी वायफायचं चिन्हच गायब, पूर्ण रीस्टार्ट केल्याशिवाय येत नाही. आठवड्यात पोरांनी माझं नाव अडकलेले सर ठेवलं, हे मला एका पालकाकडून कळलं.

मी काय काय केलं ते सांगतो म्हणजे तुम्ही करू नका. आधी भाच्याला फोन, तो म्हणला मामा मीटिंगमध्ये आहे, ती मीटिंग बहुतेक अजून चालू आहे. मग मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघितला, तर व्यवस्थित चालला. झालं, म्हणलं राउटर खराब. नेटवाल्याला फोन करून चार शब्द सुनावले, तो बिचारा दुसऱ्या दिवशी नवीन राउटर लावून गेला, फरक शून्य. मग ऑनलाइन एक यूएसबी डोंगल मागवलं, म्हणजे बाहेरनं लावायचं वायफाय, नखाएवढं, डब्यावर लिनक्स सपोर्ट लिहिलेलं, आणि आत ड्रायव्हरची (ते चालवणाऱ्या प्रोग्रामची) सीडी. माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह कुठंय? ते डोंगल खणात पडलंय. शेवटी नेटवर शोधून शोधून माझ्या लॅपटॉपातल्या वायफाय कार्डाच्या नावाचा एक ड्रायव्हर सापडला, कुणीतरी २०२१ साली लिहून ठेवलेल्या कमांडा एकापाठोपाठ एक चिकटवल्या, अर्थ एकाचाही कळला नाही, आणि त्यानंतर तर दिवसातनं दोनदा वायफाय पूर्णच जायला लागलं.

मग एका दुकानात गेलो. हे पहिलं दुकान, काकांचं नाही. तिथल्या माणसाने लॅपटॉप चालू केला, हिरवं चिन्ह बघितलं आणि झाकण लावलं. "लिनक्स आहे होय? आम्ही लिनक्सला हात लावत नाही, सातशे रुपये द्या विंडोज मारून देतो." मी म्हणलं पण सपोर्ट संपलाय, तर म्हणला "कोण बघतंय." असो.

काकांचं दुकान मला क्लासमधल्या एका पोराच्या वडिलांनी सांगितलं. काका पन्नास-पंचावन्नचे, चष्मा कपाळावर, सगळं गाव त्यांना काकाच म्हणतं. मी गेलो तेव्हा एक कॉलेजचा पोरगा आधीच उभा होता, त्याच्या लॅपटॉपवर विंडोज पण होतं आणि लिनक्स पण, आणि लिनक्समध्ये गेला की वायफायचं कार्डच सापडत नाही म्हणून रडत होता. काकांनी लॅपटॉपला हात न लावता विचारलं, "विंडोजमधनं बंद करून येतोस की झोपवून येतोस?" पोरगा म्हणला बंदच करतो की. काका म्हणले, "ते बंद होतच नाही बाळा. फास्ट स्टार्टअप नावाचं एक खूळ आहे त्यात, तू शटडाऊन म्हणलास तरी ते अर्धवट झोपतं, आणि झोपताना कार्डाला तसंच अडकवून ठेवतं. मग लिनक्स येतो आणि म्हणतो दार उघडा, आत कोण उघडणार?" शिफ्ट दाबून शटडाऊन करायला लावलं, परत चालू करून लिनक्समध्ये गेला, वायफाय हजर. मग विंडोजमध्ये जाऊन पॉवरच्या सेटिंगमधली ती फास्ट स्टार्टअपची टिक काढून टाकायला सांगितली. पैसे? "चहा सांग दोन." मी तिथंच ठरवलं की इथं बसायचं.

माझी पाळी आली. मी आपला सुरू झालो, लिनक्स टाकल्यापासून असं होतंय, तसं होतंय, लिनक्सच भिकार आहे. काका ऐकत होते, मध्ये बोलले नाहीत, आणि सगळं झाल्यावर एकच प्रश्न विचारला. "सर, लिनक्स सोडून त्या आठवड्यात आणखी काय बदललं?"

मी म्हणलं काही नाही. मग आठवलं. दिवाळीनंतर आईला हॉलमध्ये टीव्ही बघायला त्रास नको म्हणून मी ऑनलाइन क्लास हॉलमधनं माजघराच्या मागच्या खोलीत नेला होता. आमचं घर यादोगोपाळ पेठेतलं जुनं, आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं, मधल्या भिंती दगडमातीच्या, दोन-दोन फूट जाड. राउटर हॉलमध्ये. म्हणजे लिनक्स आणि खोली एकाच आठवड्यात बदललं आणि मी सगळं बिल लिनक्सच्या नावावर फाडलं. रोज पोरांना सांगतो की एका वेळी एकच चल बदला, बाकीचे स्थिर ठेवा, आणि स्वतः हे.

काकांनी मला पाठकोरा कागद दिला आणि घराचा नकाशा काढायला लावला, राउटर कुठं, मी कुठं बसतो, मध्ये किती भिंती, कपाट कसलं, लोखंडी का लाकडी. मी फुल्या मारून दिला. ते म्हणले, "ह्या कागदावरच निम्मा रोग आहे, निम्मा लॅपटॉपात. आधी लॅपटॉप बघू."

मग त्यांनी जी तपासणी केली ती मला फार आवडली कारण तिला क्रम होता. टर्मिनल, म्हणजे कमांडा टाइप करायची खिडकी, उघडलं आणि तीन ठिकाणी पिंग मारायला शिकवलं, म्हणजे हाक मारायची आणि उत्तर येतं का बघायचं. पहिलं राउटरला, म्हणजे बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१. दुसरं ८.८.८.८ ला, तो गुगलचा सर्व्हर. तिसरं कुठल्यातरी साइटला, नावाने. काकांच्या भाषेत, "आधी आपला उंबरा, मग गल्ली, मग पत्त्याची वही." उंबऱ्यालाच पिंग अडकतंय तर दोष तुमच्या लॅपटॉपमध्ये, हवेत नाहीतर राउटरमध्ये, नेटवाल्याला शिव्या घालायच्या नाहीत. उंबरा पार होतोय पण ८.८.८.८ ला जात नाही तर मग नेटवाल्याला फोन करा. आणि दोन्ही होतंय पण नावाने जात नाही तर पत्त्याची वही फाटलीय, म्हणजे डीएनएस, ते वायफायच्या सेटिंगमध्ये हाताने १.१.१.१ नाहीतर ८.८.८.८ टाकून बघायचं. मी घरून आणलेला अनुभव आठवून सांगितलं की चिन्ह पूर्ण असताना ब्राउजर राउटरचं पानसुद्धा उघडत नव्हता. म्हणजे माझा रोग उंबऱ्यातच, आणि मी नेटवाल्याचा राउटर बदलून घेतला. परवा तो भेटला तेव्हा मीच चहा पाजला.

नंतर आरएफकिल लिस्ट ही कमांड. ह्यात कार्ड सॉफ्ट ब्लॉक आहे का हार्ड ब्लॉक ते कळतं. सॉफ्ट असेल तर आरएफकिल अनब्लॉक ऑल म्हणलं की सुटतं, हार्ड असेल तर कीबोर्डवरचं विमानाचं बटण नाहीतर जुन्या लॅपटॉपच्या कडेला असतो तो सरकता खटका. काका म्हणले वर्षाला चार-पाच लॅपटॉप तरी ह्या खटक्यापायी येतात, पिशवीत घालताना सरकतो आणि माणूस फॉरमॅट मारून घेतो. माझ्यात दोन्हीकडं नो होतं. मग एलएसपीसीआय लावून कार्ड कुठलं आणि त्याला कुठला ड्रायव्हर लागलाय ते बघितलं आणि काका पहिल्यांदा हसले. "सर, हे बाहेरनं काय आणून घातलंय?"

तर झालं होतं असं की माझ्या कार्डाचा ड्रायव्हर (कार्डाच्या कंपनीचं नाव घेत नाही, स्वस्त लॅपटॉपांत असतं तसंच आहे) नवीन कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) आता आयताच येतो, मिंट २२.२ मध्ये काही करायची गरजच नव्हती. मी जो २०२१ चा ड्रायव्हर आणून घातला तो त्या काळातल्या कर्नलसाठी लोकांनी बनवलेला. आता घरात दोन स्वयंपाकी, चूल एक. वर सिक्युअर बूट चालू, त्यामुळे असला बाहेरचा ड्रायव्हर सहीशिवाय चढतच नाही, त्याची किल्ली नोंदवायला रीस्टार्टच्या वेळी एक निळी स्क्रीन येते, ती मला आली होती, मी घाबरून कंटिन्यू दाबून मोकळा झालो होतो. मग मीच नेटवर वाचून सिक्युअर बूट बंद केलं होतं, आणि वायफाय दिवसातनं दोनदा जायला लागलं ते तिथनंच. काकांनी तो ड्रायव्हर काढला, मूळ ड्रायव्हरला अडवणारी मी घातलेली ब्लॅकलिस्टची फाइल काढली, सिक्युअर बूट परत चालू केलं. वीस मिनिटं गेली ह्यात, ह्यातली पंधरा मी काय काय चिकटवलं होतं ते शोधण्यात.

मग सिग्नल. काकांचा राउटर आमच्यापासून दोन हातांवर भिंतीला लावलेला, आणि माझा लॅपटॉप उणे ७१ दाखवतोय. हा आकडा डीबीएममध्ये असतो आणि उणेच असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, उणे पन्नासच्या आसपास म्हणजे फर्स्ट क्लास, उणे सदुसष्टपर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ऐंशीला नुसतं नाव दिसतं. राउटरच्या पुढ्यात बसून ७१ म्हणजे काहीतरी फिजिकल आहे, हे काका लगेच म्हणले, आणि विचारलं, "लॅपटॉप उघडलाय का कुणी मधे?" दोन वर्षांपूर्वी एसएसडी टाकून घेतली होती, कुठं ते सोडा.

आता ही गोष्ट मला नीट सांगायचीय कारण मी पायरीवर वाकून बघत होतो. काकांनी लॅपटॉप पालथा घातला, मऊ फडक्यावर. अकरा स्क्रू. प्रत्येक स्क्रू काढला की कंदी पेढ्याच्या रिकाम्या डब्याच्या झाकणात, आणि झाकणावर आधीच पेनाने लॅपटॉपचा चौकोन काढलेला, जिथला स्क्रू तिथंच ठेवायचा, कारण काही आखूड असतात आणि काही लांब, लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की वरनं कीबोर्ड फुगतो. मग प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने टक टक टक करत झाकण सोडवलं. पहिलं काम बॅटरीचं कनेक्शन काढलं. वायफायचं कार्ड पोस्टाच्या तिकिटापेक्षा लहान, त्यावर दोन सोनेरी ठिपके, बाजरीच्या दाण्याएवढे, त्यावर स्क्रीनच्या कडेने आलेल्या दोन अँटेनाच्या वायरी बसतात. एक बसलेली. दुसरी बॅटरीच्या खाली दुमडून चेपलेली, चक्क चिकटपट्टी लावून. म्हणजे ज्याने एसएसडी टाकली त्याच्याकडनं ती निघाली, परत बसेना, म्हणून त्याने झाकून ठेवली. दोन वर्षं मी एका कानाने ऐकतोय आणि हॉलमध्ये राउटरच्या शेजारी बसत होतो म्हणून कळलंच नाही.

काकांनी चष्मा कपाळावरनं खाली घेतला, वायरीचं टोक भिंगाखाली बघितलं, "नशीब चांगलंय, फाकलेलं नाही." चिमट्याने टोक ठिपक्यावर बरोबर सरळ ठेवलं आणि चिमट्याच्या मागच्या बाजूने हलकंच दाबलं. टिक. इतका बारीक आवाज की बोळातनं रिक्षा गेली असती तर ऐकू आला नसता. "तिरकं दाबलं की कार्ड गेलं कामातनं, म्हणून लोक पट्टी लावतात." बॅटरी जोडून चालू केलं, त्याच जागेवर उणे ३८.

मी कार्ड विकत घ्यायला गेलो होतो, खिशात दोन हजार घेऊन. काका म्हणले आज नको, हे वापरून बघा पंधरा दिवस. दोनशे रुपये घेतले. आणि जाताना कागदावर दोन कामं लिहून दिली, घरी जाऊन करायची.

पहिलं, पॉवर सेव्ह. लिनक्समध्ये नेटवर्क मॅनेजर बॅटरी वाचवायला वायफाय कार्डाला मधनंमधनं डुलकी घ्यायला लावतो, काही कार्डं त्या डुलकीतनं नीट उठत नाहीत, कनेक्टेड दिसतं पण डेटा नाही. एटसी फोल्डरमध्ये नेटवर्क मॅनेजर, त्यात कॉन्फ डॉट डी, त्यात डिफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन अशा नावाची फाइल असते, तिच्यात शेवटी ३ आकडा आहे तो २ करायचा. ३ म्हणजे चालू आणि २ म्हणजे बंद, हे उलटं का आहे विचारू नका, मी गणिताचा असून मलाही पटलं नाही. मग रीस्टार्ट. उबुंटू आणि मिंट दोन्हीला हीच फाइल. बॅटरी थोडी कमी चालत असेल, मला तरी फरक जाणवला नाही, माझी बॅटरी तशीही पाऊण तासाची पाहुणी आहे.

दुसरं, राउटरवर दोन बँडची नावं वेगळी करायची. नवीन राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावाने सोडतात. ५ वाला वेगवान पण दगडी भिंतीपुढं त्याचा दम जातो, २.४ वाला हळू पण भिंतीतनं जास्त आरपार जातो. माझा लॅपटॉप मागच्या खोलीत बसून ह्या दोघांत उड्या मारत होता, कधी हा कधी तो, आणि प्रत्येक उडीला मेढ्याची पोरगी म्हणणार सर अडकलात. वेगळी नावं दिली, मागच्या खोलीत २.४ वरच ठेवला, राउटर कपाटाच्या मागनं काढून दारावरच्या फळीवर ठेवला (आईने विचारलं हे आता देवासारखं वर का). चॅनल ऑटोवर होता तो काकांच्या सांगण्यावरनं ६ वरनं १ वर नेला, कारण २.४ मध्ये १, ६ आणि ११ हेच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत आणि आमच्या पेठेत घराला घर लागून आहे, स्कॅन केलं तर सहावर नऊ जण बसलेले. बारा-तेरावर जाऊ नका म्हणाले. आपल्याकडं ते चॅनल चालतात, पण लॅपटॉपमध्ये देश अमेरिका पडलेला असेल तर त्याला अकराच्या पुढचं दिसतच नाही, मग मोबाईलवर वायफाय दिसतं आणि लॅपटॉपवर नाही अशी गंमत होते. आयडब्ल्यू रेग गेट म्हणलं की देश कुठला पडलाय ते दिसतं.

मागच्या खोलीत आधी उणे ८० च्या पुढं होतं ते ६२ वर आलं. त्या संध्याकाळी अख्खा त्रिकोणमितीचा तास एकदाही न अडकता झाला. पोरं उलट नाराज दिसली.

पण झोपेचा प्रॉब्लेम राहिलाच. झाकण लावून उघडलं की दर तीन-चार वेळांतनं एकदा वायफाय गायब. परत काकांकडं. ह्या वेळी डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) लावून त्यांनी लाल ओळी वाचल्या, कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतला प्रोग्राम, झोपेतनं उठताना मरत होतं. झोपायच्या आधी ड्रायव्हर काढायचा आणि उठल्यावर परत चढवायचा अशी एक छोटी स्क्रिप्ट लिहून देता येते म्हणले, ती लिहून पण दिली, चालली पण, फक्त उठल्यावर पंधरा सेकंद लागायचे. मीच म्हणलं काका कार्डच बदलू.

इथं पण माणसाचा प्रामाणिकपणा. मी घरून वाचून गेलो होतो, इंटेलचं एएक्स २०१ द्या. काका म्हणले, "ते तुमच्या लॅपटॉपात बसेल पण चालणार नाही." २०१ आणि २११ ही कार्डं अर्धवट असतात, त्यांचा निम्मा मेंदू प्रोसेसरच्या बाजूला असतो, तो माझ्या सातव्या जनरेशनच्या मशीनमध्ये नाहीच. मला २०० नाहीतर २१० लागणार, ती पूर्ण कार्डं. २०१ आणि २१०, आकडे तेच, माल वेगळा, ऑनलाइन घेताना हजार जण फसत असतील. आणि राउटर माझा साधा, मग २१० ला जादा पैसे कशाला, २०० बास. शिवाय काही जुन्या लॅपटॉपांची बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) दुसरं कार्ड घातलं की चालूच होत नाही, कंपनीच्या यादीत नाव नाही म्हणते, ते पण त्यांनी दुसरं एक जुनं कार्ड घालून आधी तपासलं. मगच ऑर्डर दिली. आठ दिवस लागले यायला.

एएक्स २०० ला सोळाशे, बसवायचे तीनशे. ड्रायव्हर शोधायलाच लागला नाही, तो कर्नल ५.१ पासून आतच आहे. चालू केलं, पासवर्ड टाकला, संपलं. ब्लूटूथ पण त्याच कार्डात. सात आठवडे झाले, झाकण किती वेळा लावलं-उघडलं असेल, एकदाही गायब नाही. कार्डाला माझ्याकडनं पाचपैकी पाच. ज्यांच्या लॅपटॉपात लिनक्स आणि रोजची वायफायची कटकट आहे आणि कार्ड निघण्यासारखं आहे त्यांनी ड्रायव्हरच्या मागं महिनाभर घालवण्यापेक्षा हे करावं असं मला वाटतं. पण आधी अँटेनाच्या वायरी बघा. त्या सुटलेल्या असतील तर सोळाशेचं कार्ड पण बहिरंच.

डोंगलबद्दल काकांचं मत चांगलं नाही. अगदीच घ्यायचं तर ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे तेच बघून घ्या, आणि शेजारच्या पोर्टला यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावू नका, तिच्या गोंगाटाने २.४ चा सिग्नल खराब होतो, हातभर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब ठेवा. आणि एक गोष्ट जी मला आधी माहीत असती तर एवढा आटापिटा झाला नसता: वायफाय पूर्ण मेलं तरी अँड्रॉइड मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडून मोबाईलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, लिनक्स ते बिनबोभाट ओळखतो, ड्रायव्हर लागत नाही. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांना तर फर्मवेअर नाहीतर वेगळा ड्रायव्हर नेटवरनंच उतरवावा लागतो आणि नेटच नाही अशी पंचाईत असते, तिथं हे हमखास उपयोगी. मोबाईल वायफायवर असेल तर डेटा पण जात नाही, मोबाईलच डोंगल होतो.

आता अर्धा स्टार. एक म्हणजे वेळ. दुपारी दीड ते चार शटर खाली, पाटी नाही, फोन उचलत नाहीत, मी दोनदा माघारी आलोय. दुसरं, काका बोलतात फार. पिंग शिकवता शिकवता १९९८ सालच्या डायलअप मोडेमवर गेले तर अर्धा तास तिथंच, आणि तुमच्या मागं पायरीवर चार जण उभे असतात ते तुमच्याकडं बघतात, काकांकडं नाही. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितलं तर मिळतं, ते मशीनचं नसतं, वहीचं पान असतं. कार्डाला सहा महिन्यांची वॉरंटी म्हणून चिठ्ठी दिलीय, खाली सही आहे, शिक्का आहे, तारीख पण आहे, १२ जुलैपर्यंत, फक्त साल घालायचं राहिलंय.